टाळलेल्या गल्लीचे गणित

बडोद्यात दांडिया बाजारातून खंडेराव मार्केटला भाजीला जाताना आमच्या शेजारच्या काकूंना दोन वर्षांपूर्वी एका गल्लीच्या तोंडाशी कुत्रा चावला. तेव्हापासून त्या रोज वळसा घालून जातात. तो कुत्रा आता तिथे नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झाले आहे. त्या घाबरलेल्याही दिसत नाहीत. पिशवी हलवत, बोलत बोलत सहज पलीकडच्या रस्त्याला लागतात. भीती ओसरली तरी वळसा का टिकला, या कोड्याने मानसशास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळले आहे.

होबार्ट मॉरर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धान्तानुसार आधी एखाद्या खुणेची भीती जडते आणि मग त्या खुणेपासून दूर गेल्यावर वाटणारी सुटका हेच बक्षीस ठरून टाळण्याची कृती पक्की होते. पण तसे असेल, तर भीती विरल्यावर सुटकाही उरत नाही आणि सवय मोडायला हवी. रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांच्या १९५३ मधील प्रयोगांत (योगायोगाने तेथेही कुत्रेच होते) दिवा मालवल्यानंतर दहा सेकंदांनी विजेचा धक्का बसे, आणि मधला अडसर ओलांडून उडी मारली की तो टळे. कुत्रे पुढे अगदी निवांतपणे उड्या मारू लागले, आणि धक्का बंद केल्यावरही उड्या मारतच राहिले.

या कोड्याची एक समाधानकारक उकल यंत्रांना शिकवण्यासाठी तयार झालेल्या रचनेतून मिळाली. अँड्र्यू बार्टो, रिचर्ड सटन आणि चार्ल्स अँडरसन यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेल्या या रचनेत परिस्थितीला गुण देणारा एक ‘परीक्षक’ असतो आणि कृती निवडणारा एक ‘कर्ता’. अपेक्षा आणि अनुभव यांत जी तफावत पडते, तिच्या प्रमाणात दोघे शिकतात. गल्लीच्या तोंडाशी परीक्षकाची अपेक्षा उणे १० असेल आणि वळसा घेतल्यावर काहीच वाईट घडले नाही, तर तफावत अधिक १० होते आणि तिचे श्रेय वळशाला मिळते. रोज काहीच घडत नसल्याने परीक्षक आपली अपेक्षा शून्याकडे नेतो, म्हणजे भीती जाते. पण मग तफावतही शून्य होते, आणि कर्त्याला सवय बदलण्याचे कारणच उरत नाही. ‘सरळ जा’ या पर्यायावरची काट तशीच राहते. ही रचना आणि टाळण्याची सवय यांतला दुवा तियागो मैया यांनी २०१० मध्ये तपशिलाने उलगडला.

मग एकाला ही सवय जडते आणि दुसऱ्याला का नाही? या रचनेत काही आकडे बदलता येतात. शिक्षेपासून शिकण्याचा वेग, म्हणजे तफावतीचा एका वेळी शिकला जाणारा हिस्सा, ०.२ धरला आणि सुरुवातीची अपेक्षा शून्य असली, तर उणे १० च्या एका अनुभवाने अपेक्षा उणे २ होते, ०.८ धरला, तर थेट उणे ८. वेगाने शिकणारा वेगाने विसरेलही, असे वाटेल. पण विसरण्यासाठी गल्लीत शिरावे लागते, आणि नवे आजमावून पाहण्याची ओढच कमी असेल तर ती संधी येत नाही. माझ्या मते चिंतेच्या प्रवृत्तीचा गाभा या दोन गुणांच्या जोडीत आहे, कोणत्याही एकात नाही. बुजऱ्या स्वभावाचा नमुना मानले जाणारे विस्टर-क्योटो जातीचे उंदीर धक्का टाळायला लवकर शिकतात आणि ती सवय उशिरा सोडतात, हे प्रयोगांत दिसले आहे. अंतराळयानाच्या संगणकीय खेळात बुजऱ्या स्वभावाची माणसेही सुरक्षित कोपऱ्यात अधिक वेळ दडून राहताना आढळली.

अर्थात प्रत्येक वळसा म्हणजे विकार नव्हे. रेबीज असलेल्या देशात अनोळखी कुत्र्यापासून दूर राहणे शहाणपणाचेच आहे. टाळण्यापायी रोजचे व्यवहार आक्रसू लागले, की उपचारांचा प्रश्न येतो. तेव्हा चिकित्सक रुग्णाला टप्प्याटप्प्याने भीतीच्या जागी नेतात, तेथून निघून जाण्याची वाट तेवढ्यापुरती बंद ठेवतात, आणि ‘काय होईल असे वाटते?’ हे पाऊल टाकण्यापूर्वीच विचारून घेतात, म्हणजे तफावत पुन्हा निर्माण होते आणि परीक्षकासह कर्त्यालाही ती मोजावी लागते.