न केलेली फवारणी शेजाऱ्याला कशी दाखवायची?

सोयाबीनचं नवं वाण गावात आलं की कृषी खात्याला फार बोलावं लागत नाही. राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रातून आलेलं ‘फुले संगम’ घ्या. बांधावरून जाणाऱ्याला झाडाची उंची दिसते, शेंगांचा लाग दिसतो आणि पुढच्या हंगामात बियाण्याची विचारणा आपोआप सुरू होते. खरी कसोटी लागते ती ज्याचं यश म्हणजे ‘काहीच घडलं नाही’ असं तंत्रज्ञान गळी उतरवताना. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी हे त्याचं विदर्भ-मराठवाड्यातलं उत्तम उदाहरण.

बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्याच झाडात तयार करणारी बीटी कपाशी भारतात 2002 साली आली, दोन जनुकांचं बीजी-2 हे वाण 2006 साली. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळी जवळजवळ विस्मरणात गेली. पुढे गुलाबी अळीने बीटीच्या विषाला दाद देणं सोडलं आणि 2017 च्या खरिपात महाराष्ट्रात तिने कपाशीची दाणादाण उडवली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं दगावली.

ही अळी फवाऱ्याला सहज सापडत नाही. मादी पात्या (कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि तिने पाडलेलं बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. अळी आत गेल्यावर पंपाने कितीही औषध मारा, ते बोंडाच्या सालीवरच राहतं. म्हणून अळी दिसल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पतंग कधी उडायला लागले हे आधी कळायला हवं.

त्यासाठी कामगंध सापळा. मादीच्या गंधाची नक्कल करणारी ल्यूर त्यात लावलेली असते आणि नर पतंग त्या ओढीने पिशवीत अडकतात. एकरी दोन सापळे निरीक्षणाला पुरतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरायचं. सोबत दुसरी तपासणी आहे, आणि मला ती जास्त आवडते. एकरात विखुरलेली 20 झाडं निवडायची, प्रत्येकावरचं दहा-पंधरा दिवसांचं, बाहेरून निकोप दिसणारं एकेक बोंड तोडायचं आणि भुईमुगाच्या शेंगेसारखं टिचवून आत पाहायचं. विसात एक-दोन बोंडं किडकी निघाली म्हणजे पाच-दहा टक्के. त्यापुढे फवारणीचा खर्च परवडतो, त्याआधी नाही. मिटलेल्या गुलाबकळीसारखं दिसणारं फूल, म्हणजे डोमकळी, आढळली तर तोडून नष्ट करायची.

हे शेतापर्यंत पोचतं कसं? कृषी विद्यापीठातल्या शिफारशी आधी चारही विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन आणि विकास समितीपुढे मांडल्या जातात. तिथे मान्यता मिळाली की कृषी विज्ञान केंद्रं त्यांची शेतावर प्रात्यक्षिकं घेतात, ‘आत्मा’ ही कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा आणि कृषी खातं त्या गावोगाव नेतं. 2008 साली सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार केला, त्यानंतर 2009-10 मध्ये ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांवर किडी मोजायच्या, आकडे वर पाठवायचे आणि त्यावरून सल्ला खाली यायचा. कागदावर साखळी पक्की आहे. तिचा शेवटचा दुवा मात्र कृषी सहायक, ज्याच्याकडे अनेक गावं असतात. पंचनामे, अनुदानाचे अर्ज, पीकविमा यांतून उरलेल्या वेळात तो बोंडं टिचवायला जाणार. त्याला दोष देणं सोपं आहे, न्याय्य नाही.

शेतकरी सल्ला घेतो कुणाकडून, याचं उत्तर 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मिळालं होतं. देशात सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून माहिती घेणारे 5.7 टक्के, तर बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या निविष्ठा विक्रेत्याकडून घेणारे 13.1 टक्के होते. दुकानदाराचं एक खरं आहे: तो रोज जागेवर असतो आणि उधारी देतो. पण ‘अजून थांबा, पतंग कमी आहेत’ हा सल्ला त्याच्या गल्ल्यात काही टाकत नाही. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने विक्रेत्यांसाठी पदविका अभ्यासक्रम काढला. कल्पना चांगली आहे, पण ज्ञान वाढलं म्हणून हितसंबंध बदलत नाही.

माहिती कळणं आणि पटणं यांतलं अंतर जुनंच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 साली प्रसिद्ध केला. बहुतेकांना नव्या बियाण्याची बातमी विक्रेत्यांकडून कळली होती, पण पेरायचा निर्णय शेजाऱ्यांकडे पाहून झाला. त्यातही बातमी कानावर आल्यापासून पेरणीपर्यंत सरासरी काही वर्षं गेली. आणि तो मका तर डोळ्यांना दिसणारा होता.

न दिसणारी गोष्ट दाखवायची युक्ती इंडोनेशियात सापडली. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांना मारण्यासाठी फवारलेल्या औषधांनी त्यांना खाणारे कोळीच आधी मरत होते आणि तुडतुडे आणखी माजत होते. 1986 साली तिथल्या सरकारने भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घातली. 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. फळा नाही, भाषण नाही. शेतातच दर आठवड्याला जमायचं, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, चित्र काढायचं, मग गटाने ठरवायचं. कोळ्याला आणि तुडतुड्याला जाळीत एकत्र ठेवून कोण कुणाला खातं हे शेतकरी स्वतः बघत. एकदा ते पाहिल्यावर फवाऱ्याबद्दलचं मत बदलायला अधिकाऱ्याची गरज उरत नाही.

महाराष्ट्रातल्या कपाशीच्या शेतीशाळा त्याच वंशातल्या. चांगल्या शेतीशाळेत निम्म्या शेतावर मोजून फवारणी, निम्म्यावर नेहमीची, आणि वेचणीनंतर औषधाच्या बिलांसह दोन्हींचा हिशेब अशी मांडणी होते. न केलेली फवारणी मग वहीत रुपयांत दिसते. सह्या घेऊन आणि फोटो काढून उरकलेल्या शेतीशाळाही असतात, हे गावात कुणालाही विचारा.

तरीही गुलाबी बोंडअळी एकट्याच्या वहीत मावत नाही. पाणी असलेला शेतकरी फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी पुढे ठेवतो. त्याला चार क्विंटल जास्त मिळतात आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला. मेमध्ये लावलेली कपाशीही तसंच आमंत्रण देते, म्हणून जूनआधी लागवड नको असं खातं दरवर्षी बजावतं. हा सल्ला एकाने पाळून भागत नाही, सगळ्या शिवाराने पाळावा लागतो. शिवाय अळ्या सरकीत सुप्तावस्थेत दडून जिनिंगपर्यंत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचतात. त्यामुळे तिथेही कामगंध सापळे लावायला सांगितलं जातं. जिनिंगमालकाची मात्र शेतीशाळा कुणी घेत नाही, आणि त्याच्या आवारातून उडालेले पतंग आसपासच्या कपाशीवर जातात.