आंत्र-अनुकूलन (शस्त्रक्रियोत्तर)

लहान आतड्याचा बराच भाग शस्त्रक्रियेने काढल्यावर उरलेल्या भागाच्या रचनेत व शोषणक्षमतेत हळूहळू होणारी वाढ. आतड्याला पडलेला पीळ, आंत्रधमनीतील गुठळी, क्रोहन रोग (आतड्याचा दीर्घकालीन दाह) ही शस्त्रक्रियेची नेहमीची कारणे. प्रौढात २०० सेंमी.हून कमी लहान आतडे उरल्यास लघु-आंत्र विकार (आतडे अपुरे पडून पोषण नीट न शोषले जाणे) संभवतो.

उंदरांमध्ये शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांतच गर्तिकांतील (आतड्याच्या अस्तरातील सूक्ष्म खळग्यांतील) पेशीविभाजन वाढते. गर्तिका खोल व रसांकुर (अन्नरस शोषणारे अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) उंच होतात. माणसात ही क्रिया साधारणपणे दोन वर्षे चालते, मात्र रसांकुरांच्या वाढीचा पुरावा उंदरांइतका स्पष्ट नाही. शेषांत्राची (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची) जुळवून घेण्याची क्षमता मध्यांत्रापेक्षा (मधल्या भागापेक्षा) अधिक असते.

या वाढीच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी (विभागून अस्तराच्या सर्व पेशी घडवणाऱ्या पेशी) नेमक्या कोणत्या, यावर दीर्घकाळ मतभेद होते. गर्तिकेच्या तळाशी पॅनेथ पेशींच्या (जंतुनाशक द्रव्ये स्रवणाऱ्या पेशींच्या) फटींत बसलेल्या सडपातळ पेशी याच मूलपेशी, असे संशोधक चेंग व लेब्लाँ यांनी १९७४ मध्ये मांडले. दुसरे संशोधक पॉटन यांचा कल तळापासून चौथ्या स्थानाजवळच्या पेशींकडे होता. संशोधक क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये एलजीआर५ या जनुकाच्या खुणेने तळपेशींच्या वंशजांचा माग काढला, तेव्हा पहिल्या मताचे पारडे जड झाले. पुढच्याच वर्षी बीएमआय१ या जनुकाची खूण असलेल्या वरच्या पेशींचाही असाच माग लागला. इजेनंतर अर्धवट विभेदित पेशीही मूलपेशीचे काम करू लागतात असे दिसल्याने आता हा वाद पूर्वीइतका तीव्र नाही.

मूलपेशीपण टिकवण्याचे काम मुख्यतः डब्ल्यूएनटी या पेशींमधील रासायनिक संदेशाचे. पुढे शेजारच्या पेशीकडून नॉच हा संदेश मिळालेली पेशी शोषक होते. तो न मिळालेलीत एटीओएच१ जनुक सक्रिय राहून श्लेष्मल, पॅनेथ किंवा अंतःस्रावी पेशी घडते.

अनुकूलनाची चालना मात्र बहुधा गर्तिकेबाहेरून येते. मूत्रपिंडातील एका अंतःस्रावी (संप्रेरके स्रवणाऱ्या) अर्बुदामुळे, म्हणजे गाठीमुळे, रसांकुर वाढलेल्या रुग्णाची नोंद १९७१ मध्ये झाली. अर्बुद काढल्यावर रसांकुर पूर्ववत झाले. या वाढीचे श्रेय प्रथम एंटेरोग्लुकागॉन या आतड्यातील संप्रेरकाला दिले गेले. १९९६ मध्ये संशोधक ड्रकर व सहकाऱ्यांनी एंटेरोग्लुकागॉनच्याच पूर्वप्रथिनापासून बनणाऱ्या जीएलपी-२ या संप्रेरकाची वृद्धिकारक क्रिया उंदरांत दाखवली व आता तेच मत अधिक ग्राह्य मानले जाते. अन्न पोचताच शेषांत्र व मोठ्या आतड्यातील एल-पेशी (संप्रेरक स्रवणाऱ्या अस्तरपेशी) जीएलपी-२ स्रवतात. लक्षणीय गोष्ट अशी की, त्याचे ग्राही (संप्रेरक जिथे जोडले जाते ती प्रथिने) मूलपेशींवर आढळत नाहीत. ते आतड्यातील चेतापेशींवर व अस्तराखालच्या आधारपेशींवर असतात. तिथून आयजीएफ-१ सारखे वृद्धिघटक गर्तिकेपर्यंत पोचतात. शेषांत्र व मोठे आतडे दोन्ही गमावून मध्यांत्राचे तोंड पोटावर उघडलेल्या रुग्णांत अनुकूलन अत्यल्प का होते, याचा बराचसा उलगडा यातून होतो. लाळेतील ईजीएफ या वृद्धिघटकाचाही वाटा असावा; लाळग्रंथी काढलेल्या उंदरांत वाढ मंदावते.

नैसर्गिक जीएलपी-२ चा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे ७ मिनिटे. त्यातील दुसऱ्या स्थानावरचे अ‍ॅलानीन हे अमिनो आम्ल बदलून ग्लायसीन घातलेले टेडुग्लुटाइड हे औषध रक्तात अधिक टिकते. युरोप व अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे शिरेवाटे द्यावे लागणारे पोषण कमी करता येते. ते अर्बुदांच्या वाढीसही चालना देऊ शकत असल्याने उपचारापूर्वी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून तेथील गाठी काढून टाकतात.