व्हेटो (सोलापुरी वापर)

इतरांनी घेतलेला निर्णय एकट्याच्या नकाराने रोखण्याचा अधिकार म्हणजे व्हेटो, मराठीत नकाराधिकार. मूळ लॅटिन अर्थ ‘मी मनाई करतो’. प्राचीन रोममध्ये सामान्यांनी निवडलेले ट्रिब्यून नावाचे अधिकारी हा अधिकार वापरत. आज शब्द कानावर येतो तो सुरक्षा परिषदेच्या बातम्यांतून. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या 27व्या कलमात पाच स्थायी सदस्यांना हा अधिकार मिळतो, पण ‘व्हेटो’ हा शब्द तिथे नाही. भारताच्या राज्यघटनेतही नाही.

सोलापुरात मात्र तो गणपती मंडळाच्या बैठकीपर्यंत पोचला आहे. दहा जण मिळून वर्गणीचा आकडा ठरवतात, मांडवाला जागा देणारे अण्णा नुसती मान हलवतात आणि मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘अण्णांनी व्हेटो वापरला बघा.’’ खरे तर ‘मोडता घातला’ यात तेच सारे येते, वर थोडा रागही. पण अण्णांसमोर इंग्रजी शब्द सोयीचा. नकाराची या गावात वाण नाही: मराठीत नको, दखनीत नक्को, कन्नडमध्ये बेडा, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत वद्दु.

‘कास्टिंग व्होट’शी होणारी गल्लत नेहमीची. समसमान मते पडल्यावर अध्यक्ष देतो ते निर्णायक मत. त्याने निर्णय होतो, व्हेटोने अडतो. ‘ओव्हररूल’ मध्ये वरचा खालच्याचा निर्णय फिरवतो.

सोलापूर महापालिका 1 मे 1964 रोजी स्थापन झाली. महापालिका अधिनियमाच्या कलम 451 नुसार राज्य शासन सभागृहाचा ठराव निलंबित किंवा रद्द करू शकते. यासाठी कार्यालयीन शब्द ‘विखंडित करणे’. शब्द नेमका आहे, पण फाइलीबाहेर फारसा पडत नाही. चहाच्या टपरीवर त्याचे ‘वरून व्हेटो आला’ होते.

‘पॉकेट व्हेटो’ म्हणजे होही नाही, नाहीही नाही. 1986 मध्ये संसदेने मंजूर केलेले टपाल दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही न करता, परतही न पाठवता ठेवून दिले, ते याचे ठळक उदाहरण. घोंगड्या विणणाऱ्या या जिल्ह्यात त्याला कुणी पॉकेट व्हेटो म्हणत नाही. म्हणतात, घोंगडं भिजत पडलंय.