नॉर्दर्न लीगचा शेवटचा सीझन (१९८१-८२): पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या आइस हॉकीच्या नॉर्दर्न लीगचा १९८१-८२ हा शेवटचा सीझन. स्कॉटलंडच्या डंडी रॉकेट्सने लीग जिंकली, आणि मग लंडनला स्ट्रेटमच्या रिंकवर (म्हणजे बर्फाच्या मैदानावर) जाऊन तिथल्याच रेडस्किन्सना ३-२ ने हरवून ब्रिटिश चॅम्पियनही झाले. रॉय हॅल्पिन नावाचा कॅनेडियन त्यांच्याकडे नुकताच आला होता आणि गोल मारायचं थांबतच नव्हता. पण स्कॉटलंडच्या टीम्स आणि ईशान्य इंग्लंडमधल्या डरम, व्हिटली बे अशा टीम्स एकाच लीगमध्ये कशा, हे बघायचं तर जरा मागे जावं लागतं.

१९५४ पर्यंत इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या लीग वेगवेगळ्या होत्या. त्या वर्षी दोन्ही एकत्र करून ब्रिटिश नॅशनल लीग काढली. कागदावर मस्त आयडिया, पण एकाच सीझनमध्ये बहुतेक स्कॉटिश टीम्स बाहेर पडल्या, टिकली ती पेझली पायरेट्स. कॅनडाहून आणलेल्या खेळाडूंचे पगार, लांबचे प्रवास, आणि मुख्य म्हणजे टीम चालवायचा तो रिंकचा मालक, त्याला नुसतं पब्लिक स्केटिंग ठेवलं तरी पैसे मिळतच होते, मग हॉकीचा खर्च कशाला करेल तो? १९५८ मध्ये लंडनचा हॅरिंगे अरीना बंद झाला आणि तिथे चक्क अन्नधान्याचं गोदाम झालं. १९६० मध्ये स्ट्रेटम चॅम्पियन झाली आणि लीगच बंद पडली. त्यानंतर सहा वर्षं लीग अशी नव्हतीच, आपापल्या रिंकवर दुसऱ्या टीमला बोलवायचं, मॅच खेळायची, बस.

या काळात खेळ टिकला तो उत्तरेकडच्या छोट्या गावांत. स्कॉटलंडमधल्या फाइफ फ्लायर्सचं कर्कॉडीचं रिंक १९३८ चं. एडिनबरामधलं मरेफील्डचं रिंक युद्धाच्या तोंडावर बांधून झालं पण सरकारने ताब्यात घेतलं, ते उघडायला १९५२ उजाडलं. आणि डरमची गोष्ट तर भारीच आहे. जॉन स्मिथ हा बर्फाचा व्यापारी, म्हणून लोक त्याला ‘आयसी’ स्मिथच म्हणायचे, त्याने ऐन युद्धात १९४० ला नदीकाठी रिंक सुरू केलं, वर छप्पर म्हणून मोठा तंबू आणि तंबूचे खांब थेट बर्फातच! आसपासच्या तळांवरचे कॅनेडियन सैनिक तिथे खेळायला यायचे, त्यांचं बघून गावातली पोरं शिकली आणि पुढे डरम वॉस्प्स उभी राहिली. पक्की इमारत नंतर झाली. १९५५ ला व्हिटली बेचं रिंकही स्मिथ कुटुंबानेच काढलं.

१९६६ मध्ये या मंडळींनी नॉर्दर्न लीग सुरू केली. खेळाडू बहुतेक हौशी आणि लोकल, दिवसा नोकरी करून खेळणारे, त्यामुळे ज्यांच्याकडे वीकेंडला जाऊन परत येता येईल त्यांच्याशीच खेळणं परवडायचं, मग मधे बॉर्डर आहे का नाही याला कोण विचारतं. दक्षिणेत सदर्न लीग यायला १९७० उजाडलं, आणि मँचेस्टरजवळची ऑल्ट्रिंकम या ‘दक्षिण’ लीगमध्ये खेळायची, नकाशा बघून हसूच येतं. १९७८ ला तीही मोडून इंटर-सिटी लीग वगैरे झाल्या.

सत्तरच्या दशकात उत्तरेत दबदबा होता मरेफील्ड रेसर्सचा. माझ्या मते डंडीचं १९८२ चं यश मोठं वाटतं ते त्यामुळेच, सलग तीन वर्षं लीग जिंकलेल्या टीमला त्यांनी खाली खेचलं.

१९८२ च्या शरद ऋतूत प्रादेशिक लीग गुंडाळून ब्रिटिश हॉकी लीग आली, पुढच्या वर्षी हायनेकेन या बिअर कंपनीची स्पॉन्सरशिपही. पण ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकणारे कोण? १९८३ आणि ८४ ला डंडी, मग फाइफ, मग मरेफील्ड, मग दोनदा डरम, सगळे जुने नॉर्दर्न लीगवालेच. ही रांग मोडली थेट १९८९ मध्ये, नॉटिंगहॅम पँथर्सनी.