पार्किन्सन, स्मृतिभ्रंश आणि तालावरची पावले : वर्गात येण्यापूर्वी

गोव्यात फोंडा येथील आमच्या लहानशा केंद्रात पार्किन्सन, स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या अशाच इतर आजारांच्या रुग्णांसाठी नृत्य व हालचालींचे वर्ग चालतात. चौकशीला येणारे कुटुंबीय बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, की ज्यांना धड चालता येत नाही ते नाचणार कसे. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या उत्तराआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी : या वर्गांनी आजार बरा होत नाही, त्याची वाढ थांबते असा आमचा दावा नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी आमच्या सांगण्यावरून कमी करू नये.

चालताना आपण प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. ते आपोआप पडते. हे काम सांभाळणाऱ्या मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना डोपामिन हे द्रव्य लागते, आणि पार्किन्सनमध्ये ते तयार करणाऱ्या पेशीच कमी होत जातात. त्यामुळे पावले आखूड होतात, चालताना हात हलेनासे होतात आणि दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी बाहेरून ठोका ऐकू आला, किंवा समोर ओलांडण्याजोगी रेघ दिसली, तर बिघडलेली वाट टाळून मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलू शकतो. आमचे बरेचसे काम या दुसऱ्या वाटेवर उभे आहे.

आमच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक केंद्राच्या उंबरठ्याशी हमखास अडत. मागून मुलगी ‘बाबा, चला ना’ म्हणे आणि पाय अधिकच खिळत. आम्ही उंबरठ्याअलीकडे एकेका पावलाच्या अंतरावर लाल चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या आणि मुलीला घाई करण्याऐवजी ‘एक, दोन’ असे मोजायला सांगितले. रेघ ओलांडायची म्हणून ते पाय उचलू लागले आणि त्याच ओघात उंबरठाही ओलांडला गेला. रोजच असे जमते असे नाही. पण घरी न्हाणीघराच्या दारातही त्यांनी आता तशाच रेघा मारून घेतल्या आहेत.

अशा वर्गांची कल्पना आमची नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तेथील पार्किन्सन रुग्णांच्या गटासोबत असे वर्ग सुरू केले, आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. अमेरिकेतील सेंट लुईस येथे टँगो नृत्यावर झालेल्या अभ्यासांत रुग्णांचे संतुलन सुधारल्याचे दिसले. त्या नृत्यात थांबणे, पुन्हा सुरुवात करणे आणि मागे पाऊल टाकणे सतत येते, हे त्याचे एक कारण मानले जाते. मागे पाऊल टाकणे हेच तर पार्किन्सनच्या रुग्णाला विशेष अवघड जाते.

टँगोसाठी आपल्याला दूर जायला नको. पौषातल्या धालोंत, म्हणजे गोव्यातील बायकांच्या पारंपरिक नाचात, बायका समोरासमोर दोन रांगा धरून, एकमेकींना गुंफून, वाकत पुढे येतात आणि मागे जातात. लहानपणी मांडावर (धालोंसाठी राखलेल्या गावच्या अंगणात) धालो खेळलेल्या आजींना ही चाल शिकवावी लागत नाही. आम्ही फक्त पाठीशी मदतनीस आणि हाताशी खुर्ची ठेवतो. फुगडी मात्र बसूनच, हातांपुरती. गिरकी आमच्याकडे वर्ज्य आहे.

तालाच्या बाबतीत आमची एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीला उत्साहाच्या भरात आम्ही घुमट-शामेळ या गोव्यातील तालवाद्यांची शिगम्यातली (शिमग्यातली) द्रुत लय लावली, आणि एक गृहस्थ पुढे झुकून भराभर आखूड पावले टाकू लागले. मदतनिसाने सावरले म्हणून ते पडले नाहीत. आता प्रत्येकाची मिनिटाला पडणारी पावले आधी मोजतो आणि लय त्याहून किंचित, पाच ते दहा टक्केच जलद ठेवतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा वर्ग वेगळा असतो. नावे आणि तारखा पुसल्या गेल्या तरी अंगवळणी पडलेल्या गोष्टी अधिक काळ टिकतात. नातवाला न ओळखणारे आजोबा भजनात टाळ अचूक धरतात. म्हणून पहिल्या दिवशी येताना त्यांच्या तरुणपणीच्या गाण्या-भजनांची यादी आणावी. हंटिंग्टन (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) किंवा मोटर न्यूरॉनच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या) आजारात थकवा लवकर येत असल्याने आम्ही एकेकालाच, बसवून आणि थोडा वेळ घेतो.

लेवोडोपा हे पार्किन्सनवरचे औषध घेणाऱ्यांनी गोळीच्या वेळा आणि तिचा परिणाम कधी जाणवतो, हे लिहून आणावे. वर्गाची वेळ आम्ही त्यावरून ठरवतो, कारण गोळीचा परिणाम ओसरल्यावर हालचाल अधिक अवघड होते. या आजारात उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून सुरुवात नेहमी खुर्चीतूनच होते. टाचेला बंद असलेली पादत्राणे घालावीत आणि पावसाळ्यात तळवे दारातच कोरडे करावेत, कारण आमची लादी जुनी आणि गुळगुळीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि सोबतीला दर वेळी शक्यतो तीच एक व्यक्ती आवश्यक आहे. घरचा सराव तिच्याच हाती असतो. पहिल्या दिवशी रुग्णाला नुसते बघत बसावेसे वाटले तर बसू द्यावे. भिंतीशी दोन खुर्च्या त्यासाठीच ठेवलेल्या असतात.