जेयूनिटच्या टेस्ट अचानक बंद पडल्या? आकडे बदलण्याआधी हे वाचा

"काल चालत होतं, आज एकही टेस्ट चालत नाही, आणि आम्ही कशालाच हात लावलेला नाही." हा फोन आम्हाला नेहमी येतो. पॉम फाइल, म्हणजे प्रोजेक्टला कुठल्या लायब्ररी लागतात ते मेव्हन या बिल्ड टूलला सांगणारी फाइल, उघडली की हात कुठे लागलाय ते दिसतं. ज्युपिटर या जेयूनिटच्या एका भागाचा आकडा, म्हणजे व्हर्जन, कुणीतरी वाढवलेला असतो, तोही तेवढाच एक.

जावाच्या टेस्टसाठी वापरायचं जेयूनिट ५ ही एकच जार (जावाची लायब्ररी फाइल) नाही. ज्युपिटरवर आपण टेस्ट लिहितो, त्या चालवतो प्लॅटफॉर्म. दोघांचे आकडे वेगळे, पण जोडीनेच बदलणारे: ज्युपिटर ५.१०.२ सोबत प्लॅटफॉर्म १.१०.२. आता ज्युपिटर ५.१२ वर नेलं आणि प्लॅटफॉर्मचा लाँचर (टेस्ट सुरू करणारी जार) १.१० वरच खिळलेला राहिला, की टेस्ट सापडल्याच नाहीत असा एरर येतो. लॉगमध्ये खाली 'आउटपुट डिरेक्टरी प्रोव्हायडर नॉट अव्हेलेबल' दिसलं, तर त्याच ओळीत पुढे 'अनअलाइन्ड व्हर्जन्स' असं कारणही लिहिलेलं असतं. तिथपर्यंत सहसा कुणी वाचत नाही.

खरा वेळ जातो तो यानंतर. घाईघाईत दुसरा आकडा वाढवला जातो, मग तिसरा, मग एखादी जार वगळणारं एक्स्क्लूजन, आणि तीन दिवसांनी फाइल आमच्याकडे येते. तोवर मूळ बिघाड कुठला आणि उपचाराने झालेला कुठला, हे कळायला मार्ग नसतो. तेव्हा पहिला एरर आला की थांबा. पॉम गिटमधून आहे तशी परत घ्या, मेव्हनची डिपेंडन्सी ट्री (कुठली जार कुठल्या आकड्याची आणि कुणामुळे आली ते दाखवणारी यादी) काढा आणि जेयूनिटच्या सगळ्या ओळी एकाखाली एक लावून बघा.

उपाय तसा साधा आहे. पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंट या भागात जेयूनिटचा बॉम, म्हणजे सगळ्या जारच्या जुळणाऱ्या आकड्यांची तयार यादी, घाला आणि बाकी प्रत्येक जेयूनिट जारसमोरचा आकडा पुसून टाका. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची पॅरेंट पॉम वापरत असाल तर बॉमही नको. 'जेयूनिट-ज्युपिटर.व्हर्जन' ही प्रॉपर्टी बदलली की पुरतं.

एरर न येणारा बिघाड जास्त वाईट. टेस्ट चालवणारा मेव्हनचा प्लगइन शुअरफायर २.२२.० पेक्षा जुना असेल, तर ज्युपिटरच्या टेस्ट त्याला दिसतच नाहीत. बिल्ड हिरवं, आणि वर बारीक अक्षरात 'टेस्ट्स रन: ०'. एका ग्राहकाकडे हे हिरवं बिल्ड बघून सगळे महिनाभर खूश होते.

"आधी ट्री पाठवा, मग बोलू" या आमच्या हट्टाचा काहींना राग येतो. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनच्या फोटोत शेवटची लाल ओळ तेवढी असते, आणि अंदाजाने केलेल्या कामाचे तास तुमच्याच बिलात लागतात. पूर्ण ट्री मजकुराच्या स्वरूपात आली, तर पहिली तपासणी आम्ही फुकट करतो. बरेचदा काम तिथेच संपतं.

२०२५ मध्ये आलेल्या जेयूनिट ६ ने सगळे आकडे एकसारखे केले, त्यामुळे ही जोडी जुळवायची कटकट गेली. पण त्याला जावा १७ लागतं. तुम्ही अजून जावा ८ वर असाल तर आधी त्याबद्दल बोलू. ते काम आम्ही करतो, आणि टप्प्याटप्प्याने करतो.