थिंगोल की थ्रँडुइल? गुहेत राहणाऱ्या दोन एल्फ राजांचा घोळ

इंग्रज लेखक टोल्किनच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगात, घनदाट जंगलात, जमिनीखाली कोरलेल्या महालात राहणारा एक एल्फ (म्हणजे माणसासारख्या, पण अमर जमातीतला) राजा आहे. त्याला रत्नांचा सोस आहे, परक्यांना तो सहजासहजी दारात उभं करत नाही आणि ड्वार्फ या बुटक्या, कारागीर लोकांशी त्याचं खजिन्यावरून वाकडं आलेलं आहे. हे वर्णन थिंगोलचं की थ्रँडुइलचं? दोघांचंही. त्यात नावं सारखीच ‘थ’ने सुरू होतात, त्यामुळे टोल्किनचं ‘हॉबिट’ वाचून थेट त्याचंच ‘सिल्मरिलियन’ उघडणारा वाचक हमखास अडखळतो.

घोळाचं मूळ छपाईच्या क्रमात आहे. थिंगोलची कथा टोल्किनने आधी रचली होती, पण ती कागदांतच पडून राहिली. १९३७ साली ‘हॉबिट’ आलं, तेव्हा त्यातल्या वनराजासाठी त्याने आपल्याच जुन्या माळ्यावरचं सामान खाली काढलं: गुहा, दरवाजे, ड्वार्फांशी जुनं वैर. त्या पुस्तकात राजाला नावसुद्धा नाही, तो नुसता ‘एल्फराजा’ आहे. थ्रँडुइल हे नाव छापून आलं १९५४ मध्ये, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या लेगोलस या एल्फाचा बाप म्हणून. आणि थिंगोल सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचला १९७७ मध्ये, टोल्किनच्या निधनानंतर आलेल्या ‘सिल्मरिलियन’मधून. म्हणजे मूळ मूर्ती नंतर दिसली आणि तिच्यावरून घडवलेली आधी.

काळाचा हिशोब सोपा आहे. थिंगोल पहिल्या युगातला. त्याचं राज्य डोरियाथ ज्या बेलेरियांडमध्ये होतं, तो मुलूख त्या युगाच्या शेवटी जवळजवळ सगळा समुद्राखाली गेला. थ्रँडुइलशी आपली गाठ पडते ती तिसऱ्या युगाच्या २९४१ साली, मर्कवूड जंगलाच्या उत्तर टोकाला. मधे सहा हजारांहून जास्त वर्षं गेलेली आहेत. नकाशावर मर्कवूड दिसलं तर तिथला राजा थिंगोल असूच शकत नाही.

खरा फरक त्यांच्या डोक्यावरचं छत्र कोणाचं, यात आहे. थिंगोल हा एल्फांच्या अगदी पहिल्या पिढ्यांतला. देवतांची भूमी, व्हॅलिनोर, डोळ्यांनी पाहून परत आलेल्या तिघा दूतांपैकी एक. आपल्या लोकांना तिकडे नेताना वाटेत नान एल्मोथच्या रानात त्याला मेलियन भेटली आणि तो वर्षानुवर्षं भारल्यासारखा तिथेच उभा राहिला. त्याचे बरेचसे लोक वाट पाहून पुढे निघून गेले. मेलियन ही एल्फ नव्हती, माया होती, म्हणजे धाकट्या देवतांपैकी. पुढे तिने डोरियाथभोवती अदृश्य कडं घातलं. तिच्याहून मोठी शक्ती असल्याशिवाय तिच्या किंवा थिंगोलच्या मर्जीविरुद्ध ते कोणालाही ओलांडता येत नसे. अशा बायकोच्या नवऱ्याला शेजाऱ्यांशी गोड बोलायची गरज उरत नाही, आणि थिंगोल बोललाही नाही.

थ्रँडुइलला असलं काही नव्हतं. त्याचा बाप ओरोफर डोरियाथच्या सिंदार या एल्फ गटापैकी. बेलेरियांड बुडाल्यावर तो पूर्वेला आला आणि तिथल्या वन्य सिल्व्हन एल्फांचा राजा झाला. साउरॉन या दुष्ट सत्ताधीशाविरुद्धच्या महायुद्धात तो पडला आणि थ्रँडुइल जेमतेम एक तृतीयांश सैन्य घेऊन घरी परतला. पुढे जंगलाच्या दक्षिणेला डोल गुल्डुर या किल्ल्यात काळी सावली बसली, तसा तो उत्तरेकडे सरकत गेला. पराभव आणि माघार पोटात घेऊन राज्य करणारा हा माणूस आहे (एल्फ आहे, पण समजून घ्या).

सोन्यासमोर दोघं कसे वागतात, तिथे मला हा फरक सर्वात लख्ख दिसतो. थिंगोलचा मेनेग्रोथ हा गुहेतला महाल ड्वार्फांनीच बांधून दिला होता. बेलेगोस्ट या ड्वार्फ नगरातल्या त्या कारागिरांना मोबदल्यात मोती मिळाले, त्यातला एक कबुतराच्या अंड्याएवढा. इतका चांगला व्यवहार! पण पुढे नोग्रोड या दुसऱ्या नगरातल्या ड्वार्फांकडे थिंगोलने नाउग्लामीर हा हार दिला आणि त्यात सिल्मरिल हे अनमोल रत्न बसवायला सांगितलं. काम झाल्यावर कारागिरांनी हार अडवून धरला. भट्टीघरात राजा एकटा, भोवती ड्वार्फ, आणि तरी याने त्यांना घालूनपाडून बोलून मजुरीशिवाय चालते व्हा म्हणून सुनावलं. तिथेच त्याला मारलं. मेलियन निघून गेली, कडं विरलं, डोरियाथ लुटलं गेलं. (छापील प्रसंगाचा बराचसा भाग मुलगा ख्रिस्तोफर टोल्किनने संपादक म्हणून जुळवलेला आहे, हे जाता जाता.)

थ्रँडुइलही लोभी आहेच. ‘हॉबिट’मधल्या ड्वार्फांचा पुढारी थोरिन याला त्याने कोठडीत टाकलं, आणि ड्रॅगन मेल्याचं कळताच सैन्य घेऊन निघाला तोही खजिन्यासाठीच. पण वाटेत ड्रॅगनने उद्ध्वस्त केलेल्या लेकटाउन या माणसांच्या गावाची हाक आली, तशी त्याने वाट वाकडी केली आणि बेघर झालेल्यांना अन्न, सामान पोचवलं. पुढे खजिना असलेल्या पर्वतासमोर लेकटाउनचा योद्धा बार्ड लढाईला उतावीळ झाला, तेव्हा सोन्यासाठी युद्ध नको म्हणून थांबवणारा हाच. शेवटी कैदेत थोरिनकडून काढून घेतलेली ऑर्क्रिस्ट तलवार त्याने थोरिनच्या थडग्यावर ठेवली. थिंगोलकडून असं काही होईल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

वंशावळीतही गफलत होते. लेगोलस थिंगोलचा कोणी वंशज नाही. थिंगोलचं रक्त त्याची मुलगी ल्युथियेन हिच्याकडून एलरॉन्ड, आर्वेन आणि अॅरागॉर्नपर्यंत उतरतं.

सिनेमांनी गुंता वाढवला तो वेगळाच. २०१२ ते २०१४ दरम्यान आलेल्या तीन ‘हॉबिट’ चित्रपटांत थ्रँडुइल भल्यामोठ्या सांबरासारख्या जनावरावर बसतो, ड्रॅगनमुळे त्याचा चेहरा भाजलेला आहे आणि शुभ्र रत्नांवरून त्याचा ड्वार्फांशी तंटा आहे. हे पडद्यासाठी घातलेलं. पुस्तकात त्याच्या डोक्यावर शरदात लाल पानांचा आणि बोरांसारख्या फळांचा मुकुट असतो, वसंतात रानफुलांचा. त्याच्या बायकोचा तर उल्लेखही नाही. तेव्हा वादात कोणी त्या रत्नांना नाउग्लामीर म्हणालं, तर आधी त्याला पुस्तकातलं पान दाखवायला सांगा.